तळाला हात लागेपर्यंत

६ मे १९९७, मंगळवार, दिंद्रुड

आईचं इष्टलिंग विहिरीत पडलं. आणि मी सुट्टीला येऊन अजून बॅगसुद्धा उघडली नव्हती!

सकाळी शेतातल्या विहिरीवर गेली, हातपाय धुवायला वाकली, गळ्यातला शिवदोरा तुटला आणि चांदीच्या डबीसकट इष्टलिंग पाण्यात. एवढंच सांगते. जास्त विचारलं की भिंतीकडं तोंड करते. आमच्यात इष्टलिंग म्हणजे गळ्यातला देव. जन्मल्यावर स्वामी बांधतात, मेल्यावर तळहातावर ठेवून माणसाला पुरतात. मधल्या काळात ते अंगावर नसेल तर घास घ्यायचा नाही असा जुना नेम. आता कोण पाळतं? माझं तर पावडरच्या डब्याशेजारी बॅगेत असतं. पण आई पाळते. सकाळपासून पोटात काही नाही.

संध्याकाळी मठाचे स्वामी आले. म्हणाले, "मल्लम्मा, दुसरं बांधतो. दोन घास खा." आई म्हणाली, "माझं हाय ना पाण्यात. ते असताना दुसरं कावून बांधू?" स्वामींनी पुष्कळ समजावलं. शेवटी मार्ग काढला – महादेवावर घातलेलं पाणी तीर्थ म्हणून प्यायचं, हवं तर तांब्याभर. तेवढं कबूल झाली. बाकी काही नाही.

हॉस्टेलच्या पोरी गोव्याला गेल्यात. मलाही ओढत होत्या. मी म्हटलं, आईची शुगर वाढलीय, गावाला जाते. घ्या सुट्टी!

७ मे

रुद्रेशदादानं कालपासून मोटार चालू ठेवलीय. लाइट होती तोवर पाणी उपसलं, लाइट गेली की विहीर पुन्हा तेवढीच. कालव्याचा पाझर आहे तिला, भर उन्हाळ्यातही आटत नाही. एरवी अप्पा हे मिशीला पीळ देऊन सांगतात. आज गप्प होते. गळ टाकून पाहिला तर एक कुजकी बादली आली आणि एक स्लीपर.

मग हरिबाला बोलावलं. पंचक्रोशीत कुणाची घागर पडो, मोटारीच्या पाइपाचा फुटव्हॉल्व्ह गाळात रुतो, नाहीतर कुणी जीव देवो, तळातून वर आणायला हरिबाच. आला तो बिडी ओढतच. म्हणाला, "माझा एक कान फुटलाय. मागल्या साली रगत आलं. आता खाली जाता येत न्हाई." दादा म्हणाला, "मग दुसरं कोण हाय?" तर आईच आतून बोलली, "लिंग नसलेल्याचा हात लागलेलं मला चालायचं न्हाई." हरिबा हसला. "मग मला बोलावलं कशाला बे रुद्रेश? बिडी प्यायला?"

आमच्या घरात पाणबुडे कोण! अप्पांना दमा. दादाला पोहता येत नाही – एसटीडीच्या बूथमध्ये पंख्याखाली बसून बसून पोट सुटलंय, तो बुडायचाही नाही. उरले मी. याच विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली. मी म्हटलं, "हरिबा, मला शिकवा. मी काढते."

आई उठून बसली. "तू न्हाई! पोरीच्या जातीनं विहिरीत उतरायचं न्हाई!" असा आवाज चढवला की शेजारच्या विमलबाई दारात आल्या. दीड दिवस उपाशी माणूस, एवढा जोर आला कुठून?

मी ऐकणार होय! माझंच इष्टलिंग बॅगेतून काढलं आणि गळ्यात घट्ट बांधलं. हात चालेल ना आता?

८ मे

पहिला धडा पाण्यात नाहीच. हरिबानं मला मोटारीच्या खोलीत फरशीवर आडवं केलं आणि पोटावर वीट ठेवली. "दम घेतला की ईट वर आली पायजे. छाती हलली तर काय उपेग न्हाई." त्याची बायको सारजाबाई दाराशी बसून तंबाखू मळत होती. म्हणाली, "पुण्यात दम घ्यायला बी शिकवत न्हाईत का वं?"

मग दम धरायचा. आधी वाटतं, यात काय! मग पोट आतून धक्के मारायला लागतं. हरिबा म्हणतो, "ते पोट खोटं बोलतंय. अजून हाय आत." खरंच असतं. मला मजा वाटली, आणि वाटली म्हणून लाज वाटली.

मंगलवहिनी भाकरी घेऊन आली. तिला पाचवा चाललाय. उन्हात कशाला आलीस म्हटलं तर म्हणाली, "घरात बसवत न्हाई." दिवाळीला तिचं एक पडलं, त्यावरून सावरलीच नाही ती पुरती. चार वर्षांची अपेक्षा तिच्या पदराला. दादानं वहिनीला तपासायला उद्या जीप सांगितली होती, ती आईच्या या प्रकारानं रद्द करावी लागली. चिडलाय. "डॉक्टरची तारीख मिळायला लई त्रास झालता," म्हणतो. आई मरायला टेकलीय आणि याला तारखेचं!

१० मे, शनिवार

पाण्यात उतरले. कमरेला दोर, त्याचं टोक वर सारजाबाईच्या हातात. एका हातात दगड. दगडाच्या वजनानं खाली जायचं, हातपाय मारून दम घालवायचा नाही. एक झटका दिला की दोर सैल सोडायचा, दोन दिले की ओढायचं.

दीड पुरुष खाली गेले नाही तोच कानात कुणी सुई घातली! दगड सोडला, वर आले, ओरडले. हरिबा म्हणतो, "नाक दाब अन् आत फुक मार. कान खटकन उघडत्यात. न्हाई उघडले तर माघारी फिर. मी फिरलो न्हाई, बघ आता." त्याच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूनं बोलावं लागतं.

पुन्हा. पुन्हा. चौथ्यांदा कान उघडले. मग एकदम शांत. खाली हिरवं, त्याच्या खाली काळं. मी भ्यायले. सरळ सांगते, भ्यायले. तळ दिसलाही नाही.

११ मे

कान दुखतोय. आईनं आज कूस बदलताना माझा हात धरला नाही. बांगड्या कोपरापर्यंत जातात तिच्या.

१२ मे, सोमवार

मेले असते आज.

हरिबा म्हणाला, "आज तळाला जायचं. बुडायच्या आधी लोहाराच्या भात्यावानी भराभर दम घे, म्हंजी लई येळ टिकतो." मी घेतला. डोकं हलकं झालं, बोटांना मुंग्या आल्या. खाली गेले तर काय सांगू – दम लागेचना! पोटानं धक्केच मारले नाहीत. मला वाटलं, जमलं आपल्याला. मग वर यायला निघाले आणि वरचा उजेड लहान लहान होत गेला. पुढचं मला माहीत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा पायरीवर पालथी होते आणि सारजाबाई हरिबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. दोर ढिला पडलेला तिला कळला म्हणून तिनं ओढलं. "लेकराचा जीव घेतला असतास की मेल्या! भाता म्हणं!" हरिबाचा चेहरा राखेसारखा. म्हणाला, "मी तर असंच करत आलतो." मग थोड्या वेळानं, "माझा भाऊ असाच गेला. वर येता येता." आणि तरी हा माणूस हेच शिकवतो! मी त्याच्या अंगावर ओला परकर फेकला.

घरी बातमी माझ्या आधी पोचली. आई भिंतीला धरून दारापर्यंत आली होती. "ईशे, माझी शपथ हाय. परत जायचं न्हाई."

"मग खा! आत्ता खा, मी जात नाही!"

"न्हाई."

"मग मी जाणार."

"मी मेल्यावर जा."

"तू मरू नये म्हणूनच चाललेय ना गं!" मी इतकी ओरडले की अपेक्षा रडायला लागली. आई पण रडली, पण डोळ्यांतून पाणी आलं नाही. अंगात पाणीच कुठं आहे!

१३ मे

आज सुट्टी घेतली, कानाला आणि रागाला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. शुगरच्या बाईनं असा उपास केला तर हृदयावर येतं, म्हणाले. सलाईन लावू का विचारलं. आईनं हात पदराखाली घेतला. अप्पा दुकानातून उठून आले, तिच्या पायाशी बसले, परत गेले. तो नवा काचेचा फ्रिज आलाय ना दुकानात थंड बाटल्यांचा, त्याच्याकडं बघत बसतात दिवसभर.

१४ मे

दादा स्वतः विहिरीवर आला. माझ्यासाठी थर्मासमधून चहा. "ईशे, लवकर काढ गं. परत जीप सांगितलीय शनिवारची. पुढं गेलं की डॉक्टर बघणार न्हाई म्हणतोय." मला वाटलं, बायकोची किती काळजी! जन्मात पहिल्यांदा भाऊ बरा वाटला मला.

भाता बंद केलाय. संथ दम घेते, वीट ठेवल्यासारखा. त्यानं कमी टिकते, पण पोट वेळेवर धक्के मारतं. त्या धक्क्यांवर आता माझा विश्वास आहे. आज पायाचा अंगठा गाळाला लागला.

१५ मे, गुरुवार

तळाला हात लागला.

गाळ मऊ, गार. मोटारीच्या पाइपाच्या बुडाशी चाचपत होते. पहिल्या बुडीत काही नाही. दुसरीत काही नाही. तिसरीत कापड लागलं. मला वाटलं चिंधी. ओढली तर जड. तसंच मुठीत धरलं आणि वर आले.

खालच्या पायरीवर, जिथं वरून दिसत नाही, तिथं बसून पाहिलं. बाळाच्या डोक्याला बांधायची कुंची होती. हिरव्या खणाची, आतून आईच्या जुन्या पातळाचं अस्तर. ही मी ओळखते! दिवाळीआधी आईनं वहिनीच्या बाळासाठी शिवली होती, मला दाखवली होती, आणि मी म्हटलं होतं की टाके वाकडे आलेत. कुंचीच्या बंदांच्या गाठीवर गाठी. आत एक दगड. आणि दगडाला टेकून चांदीची डबी, भोवती शिवदोरा नीट गुंडाळलेला.

दोरा तुटलेला नव्हता. अख्खा होता.

वरून सारजाबाईनं हाक मारली, "घावलं का वं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाई. नुसता गाळ."

का म्हणाले मी असं? मला आधी आईला विचारायचं होतं. बास. गाठी परत बांधल्या आणि पुढच्या बुडीत ते होतं तिथंच, पाइपाच्या बुडाशी नेऊन ठेवलं. दात वाजत होते. मे महिना आणि दात वाजतात!

१६ मे, शुक्रवार

काल लिहवलं नाही पुढचं. आज लिहिते.

घरी गेले तेव्हा आई एकटीच होती. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "घावलं तुला."

"दोरा तुटलेला नाही, आई. गाठी मारल्यात. कुंची कशाला?"

बोलायला तिला दम पुरत नव्हता. मग सांगितलं. तुटक तुटक. जसं आठवतंय तसं लिहिते.

"दिवाळीत मंगलचं पडलं न्हाई. पाडलं. लांब हाय एक डाक्टर, मशीनवर बघतो. पोरगी हाय म्हणला. रुद्र्या म्हणला, पाडा. तुझा अप्पा गप. अन् मी गेलते संगं. मंगल नको नको म्हणत व्हती. तिचा हात मी धरला व्हता, ईशे. या हातानं. तिला उठून जाता येऊ न्हाई म्हून."

मला तो हात बघवेना.

"आपल्यात माणूस गेलं की हातावर लिंग ठेवत्यात. तिला काय ठेवलं? कुठं टाकली ते बी इचारलं न्हाई मी. म्हून माझं दिलं. कुंची तिचीच व्हती."

"आणि आता दादाची जीप –"

"त्याच दाराला. परत. आता ते दार मला बघायचं न्हाई."

"तू नाही म्हणून सांग ना! घरातली मोठी तू!"

"सांगितलं. हासले दोघं बापलेक. माझ्या न्हाईला इचारतंय कोण? पण आई मरणाला टेकली असताना सुनेला जीपमधी घालून नेलं तर गाव थुकंल. गावाला भित्यात. पाचवा पुरा झाला की डाक्टर हात लावत न्हाई. तेवढे दिस काढायचे व्हते मला." मग माझ्याकडं असं बघितलं की मी विसरणार नाही. "हरिबाचा कान फुटलेला, घरात कुणाला पाणी येत न्हाई, दुसऱ्याचा हात चालत न्हाई म्हणलं की झालं. सगळं जमलं व्हतं. तू कावून शिकलीस गं बुडी?"

१६ मे, पुन्हा

मी भांडायला निघाले होते. दादाच्या बूथची काच फोडणार होते. आईनं पदर धरला. "बोललीस तर आज रातच्याला नेतील. तुझ्या भांडणानं थांबत न्हाईत ते. मरणाऱ्या माणसानं थांबत्यात."

मी म्हटलं, वहिनीला मी पुण्याला नेते. वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "अपेक्षाला इथं ठेवून? अन् आत्याबाईंना असं टाकून?" तिला आईच्या उपासातलं काहीच माहीत नाही. तिला वाटतं, देवाचं आहे.

मी म्हटलं, "मुलगा असला तर, आई? तपासलं आणि मुलगा निघाला तर सगळंच मिटेल."

"असू दे मुलगा. कळूच नये. कळलं की माणसं हैवान व्हत्यात. मी झालते."

१७ मे, शनिवार

जीप आली. दारात उभी राहिली. ड्रायव्हर मांजरसुंब्याचा, पान खात होता. दादा वहिनीला म्हणाला, "चल, दुपारपर्यंत माघारी येऊ." तेवढ्यात आईला चक्कर आली – खरी होती का खोटी, मला आता सांगता येत नाही. विमलबाई, सावित्रीबाई, अख्खी गल्ली गोळा झाली. सावित्रीबाई मोठ्यानं म्हणाल्या, "आई अशी पडली अन् हा बायकोला फिरायला नेतोय!" दादानं जीप माघारी पाठवली.

आई डोळे मिटून पडली होती. ओठ हलले जरासे. हसली माझी आई.

१८ मे

बुडी मारली. सापडलं नाही.

१९ मे, सोमवार

बुडी मारली. सापडलं नाही. हरिबा म्हणतो, "तळाला पोचतीस, मग घावत कावून न्हाई?" मी म्हटलं, गाळ लई हाय. सारजाबाई माझ्याकडं बघत राहिली. दोर घट्ट धरते.

खाली गेले की मी कुंचीवर हात ठेवते. दम संपेपर्यंत ठेवते आणि वर येते.

२० मे

आईसाठी वाटीत दूध नेलं. दार लावलं. म्हटलं, "कुणी बघत नाही. नाटकच करायचं तर निदान जगून कर!" आईनं वाटी हातानं बाजूला केली. "नाटक न्हाई हे. लिंग पाण्यात हाय अन् मी बिगर लिंगाची. खाल्लं तर सगळंच खोटं. मग कशाच्या जोरावर पडून राहू?"

वाटी फेकावीशी वाटली. तिच्यावर इतका राग मला कधी आला नव्हता. मग तेच दूध बाहेर येऊन मीच प्याले, उभ्या उभ्या, ढसाढसा रडत. भूक लागली होती मला. जिवंत माणसाला लागते.

२२ मे

अप्पांना सांगून पाहिलं. सगळं नाही. एवढंच की, "अप्पा, वहिनीला तपासायला नेऊ नका म्हणा दादाला. तेवढं म्हणा. आई जेवेल." हे शेवटचं तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. अप्पा माझ्याकडं टक लावून बघत राहिले. गिऱ्हाईक आलं. त्याला साखर दिली, पुडी बांधली. मग म्हणाले, "रुद्रेश आता माझं ऐकत न्हाई बाई." आणि फडक्यानं फ्रिजची काच पुसायला लागले.

म्हणजे कळलं यांना. सगळं कळलं, आणि काच पुसतायत!

२३ मे

बुडी मारली. सापडलं नाही.

२५ मे, रविवार

पाचवा पुरा झाला. वहिनीनं स्वतःच सांगितलं, सहज, भांडी घासताना. दादानं सकाळी बूथवरून त्या डॉक्टरला फोन लावला होता. मी बाहेर उभी राहून ऐकलं. "आता जमत न्हाई म्हंता? काहीच न्हाई का?... बरं." फोन आपटला. मी पळत घरी आले.

"आई! झालं! डॉक्टर नाही म्हणाला! आत्ता जाऊन काढून आणते, आणि पेज करायला सांगते वहिनीला. मऊ पेज, मीठ घालून."

आईनं डोळे उघडले. आवाज इतका बारीक की कान तोंडापाशी न्यावा लागला.

"उद्या सोमवार हाय. म्हादेवाचा वार. उद्या काढ. आंघोळ करून बांधते अन् मग खाते."

"आजच काढते ना गं."

"उद्या."

मी ऐकलं. आयुष्यात तिचं एक ऐकलं नाही मी, आणि हे ऐकलं.

२६ मे, सोमवार

उजाडायच्या आत गेली. तांदूळ भिजत घातलेले होते.

स्वामी आले. लिंगैक्य झाली म्हणाले. मखरात बसवली, कपाळभर भस्म लावलं. पुरताना तळहातावर ठेवायला स्वामींनी नवं इष्टलिंग आणलं होतं. मी म्हटलं, "थांबा." कुणाला काही सांगितलं नाही. सारजाबाई न बोलावता दोर घेऊन माझ्यामागं आली. निम्मं गाव आलं.

दगड घेतला, एक दम घेतला, गेले. पाइपाच्या बुडाशी हात घातला. गाठी तिथंच सोडल्या – बोटं बधिर झाली, पोट धक्के मारत होतं, मी म्हटलं मार. डबी घेतली. कुंची दगडासकट तिथंच राहू दिली. ती माझी नाही.

आईच्या डाव्या तळहातावर ठेवलं. तिचे पाय माझ्या केसांतल्या पाण्यानं भिजले. बोटं मिटेनात. मी मिटली, एकेक करून. हाच तो हात.

दादा रडत होता. खरंच रडत होता. मधेच म्हणाला, "इतके दिस घावलं न्हाई अन् आज एका बुडीत कसं घावलं गं?" सारजाबाई म्हणाली, "आज गाळ बसलेला व्हता." अप्पा खाली बघत होते.

३ ऑक्टोबर १९९७, शुक्रवार, पुणे

दादाचा फोन आला हॉस्टेलवर. वहिनी सुटली. मुलगा झाला. "मुलगा झाला, ईशे! आईचीच पुण्याई! हे आधी कळलं असतं तर आई किती खूश होऊन गेली असती गं!" मागं अप्पांचा आवाज ऐकू येत होता, कुणाला तरी फ्रिजमधल्या बाटल्या वाटत होते. मी दम धरून उभी राहिले. पोटानं धक्के मारले तरी सोडला नाही. वॉर्डनबाई म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, "भाचा झाला." त्या म्हणाल्या, "मग पेढे कुठायत?"